गाढवांच्या मागून गेलेली सायकल

सायकलमास्तर माणसांना वाट विचारत नसत. गाढवांना विचारत. हे मी थट्टेने सांगत नाही. चढाच्या पायथ्याशी ते सायकल धरून उभे राहत, सखोबा कुंभाराची गाढवं मडकी घेऊन कुठल्या अंगाने वर जातात ते बघत आणि त्यांच्या मागून निघत. वाटेत कुणी भल्या माणसाने "मास्तर, हिकडनं या की, जवळ पडतंय" असं सांगितलं, तर हात जोडून म्हणत, "नको बाबा. तुझ्या जवळच्या वाटेनं दोनदा तोंडावर पडलोय." शिकलेला माणूस, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा, आणि चाललाय गाढवांच्या मागून. आमच्या वाडीला हसू आवरत नसे. त्यांना नाव होतं, पण हजेरीपत्रकाबाहेर ते कुणी घेतलं नाही.

आमची वाडी मुरगूडच्या पश्चिमेला, डोंगराला चिकटलेली. महाराजांच्या राज्यात तेव्हा गावोगाव शाळा निघत होत्या आणि मास्तर कमी पडत होते. म्हणून डोंगरापलीकडच्या मोठ्या गावाला आणि आमच्या वाडीला मिळून एकच मास्तर दिला. तिकडची शाळा सकाळची, ती अकराला सुटायची. आमची दुपारची, ती बाराला भरायची. कागदावर सगळं बसत होतं. कागदावर डोंगर नव्हता.

मास्तर कुरुंदवाडचे. घरचा धंदा बांगड्यांचा, मणेराचा. तिकडे दोन नद्यांच्या मधली काळी सपाट जमीन. "आमच्या गावात चढ म्हणजे नदीच्या घाटाच्या पायऱ्या," असं ते सांगत. मिरजेला रेल्वेत कामाला असलेल्या मामाने त्यांना आपली जुनी सायकल दिली होती आणि त्या सपाट मुलखात ते ती वाऱ्यासारखी चालवत. आमच्याकडे नेमणूक झाली तेव्हा सायकल आहे म्हणून त्यांनी लगेच होकार दिला. डोंगर बघितला तो हजर झाल्यावर.

सायकलीला ते शहजादी म्हणत. का, ते पहिल्या आठवड्यातच कळलं. खिंडीतून उतरणाऱ्या पायवाटेने मास्तर पहिल्यांदा आले, तेव्हा सायकल त्यांच्या खांद्यावर होती आणि घाम टाचेपर्यंत आला होता. पारावरचा एक म्हातारा ओरडला, "अवो मास्तर, तुमी सायकलीवर बसताय का सायकल तुमच्यावर?" मास्तरांनी सायकल खाली ठेवली, श्वास घेतला आणि म्हणाले, "शहजादी हाय ती, बाबा. तिला चढावर चालायची सवय न्हाय." वाडी त्या दिवशी त्यांना आपलं मानायला लागली. आमच्याकडे हसणाऱ्यावर हसून दाखवलं की माणूस पास.

पडायचे तर ते रोज. पडल्यावर आधी इकडेतिकडे बघत. कुणी बघितलं असेल तर बसल्या जागेवरून त्याला रामराम घालत. कुणी नसेल तर सायकलीला शिव्या देत. मी एकदा करवंदीच्या जाळीमागे होते, त्यामुळे मला दोन्ही माहीत आहे.

पलीकडच्या गावाहून आमच्याकडे यायला दोनच वाटा होत्या. एक गाडीवाट. ती डोंगराला वळसा घालून, ओढा ओलांडून यायची. बैलगाडीला अर्धा दिवस लागे. दुसरी खिंडीची पायवाट, भिंतीला शिडी लावावी तशी उभी. सायकल घेऊन त्या वाटेने यायचं म्हणजे दीड तास. तेव्हा बाराची शाळा साडेबाराला, एकला, कधी दोनला भरायची. चावडीच्या ओसरीत आम्ही वीस-बावीस पोरं. ओसरीच्या खांबाची सावली पायरीच्या तडीला लागली की बारा वाजले, असं आमचं घड्याळ. सावली तड ओलांडून अंगणात जायची आणि आम्ही विटीदांडू खेळत असायचो. आम्हाला शाळा फार आवडायची.

मग दसऱ्यानंतर एका दुपारी शाळा तपासणारे साहेब तट्टावरून आले. गावात त्यांना दिपोटी म्हणत. खिशातून घड्याळ काढून ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. मास्तर आले तेव्हा सव्वा वाजला होता. साहेब ओरडले नाहीत. ओरडणारा साहेब बरा असतो. त्यांनी शेरेबुकात लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "संक्रांत झाल्यावर परत येईन. त्या दिवशी बाराला शाळा भरलेली दिसली नाही तर ही शाळा बंद. मुलांनी पलीकडच्या गावाला जावं."

मुलांनी जावं म्हणजे मुलग्यांनी. आम्ही चार मुली होतो. डोंगर ओलांडून पोरीला कोण पाठवतो? मी तेव्हा दुसरीत होते. जोडाक्षरं नुकतीच जमायला लागली होती आणि भिंतीवर, पिशवीवर, कुठेही काही लिहिलेलं दिसलं की मी वाचून काढायची. घरी सांगितलं तर आबा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता म्हणाले, "बंद हुतीया तर हुंदे. शेणाची पाटी आपोआप उचलत न्हाय." आईने माझ्या ताटात भाकरी जरा जोरात टाकली.

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर आले नाहीतच, पण आल्यावर त्यांनी फळ्यावर डोंगर काढला. एका बाजूला ते गाव, एका बाजूला आमची वाडी. "ह्या दोन वाटा झाल्या," ते म्हणाले. "एक लांबडी, एक उभी. तिसरी कुठंतरी हाय. मला गावली न्हाय एवढंच." एक पोरगा म्हणाला, "नसली तर?" मास्तर म्हणाले, "एवढ्या मोठ्या डोंगरात एका चाकाला जागा नसंल व्हय रं?"

तेव्हापासून दर रविवारी ते सायकल घेऊन डोंगरात फिरायला लागले. सुरुवातीला माणसांना विचारत. आमच्या माणसांना वाट विचारू नये. त्यांना ठाऊक नसते असं नाही. चालणाऱ्याला चढ दिसत नाही. गुराख्याने सांगितलं, "हे काय, हितनं सरळ वर जावा. हाकेवर हाय." मास्तर गेले तर पुढे कडा. लाकडं तोडणाऱ्याने सांगितलं, "बिनघोर जावा पावणं, माझी म्हातारी जाती की त्या वाटंनं." त्याची म्हातारी शेळीसारखी चढायची. मास्तरांनी त्या दिवशी कोपर फोडून घेतलं. पारावर येऊन बसले आणि म्हणाले, "तुमच्या सगळ्यांच्या वाटा पायाच्या हायत. चाकाची वाट कुणाला ठावं हाय ते सांगा."

तेव्हा सखोबा कुंभार बोलला. तो एरवी बोलायचा नाही. बाजाराच्या दिवशी सात गाढवांवर मडकी लादून डोंगरापलीकडे न्यायचा आणि गुपचूप परत यायचा. तो म्हणाला, "माझ्या गाढवांस्नी इचारा."

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. "कसं?"

"मडकं हिसका सोसत न्हाय. पाच कोसावर एक धक्का बसला तर तळ जातोय. म्या गाढवांस्नी वाट दावत न्हाय मास्तर, मोकळं सोडतो. पाठीवरचं वजन त्यांनाच कळतंय. जिथं धक्का न्हाय, तिथनंच जात्यात. माझा बा असंच करायचा."

पुढच्या बाजाराला मास्तरांनी तिकडची शाळा एका मोठ्या पोरावर सोपवली, सकाळीच वाडीत आले आणि गाढवांच्या मागून निघाले. सखोबा पुढे, गाढवं मध्ये, मास्तर आणि शहजादी मागे. गाढवं खिंडीकडे गेलीच नाहीत. खिंडीच्या खाली डावीकडे वळली, करवंदीच्या जाळ्यांच्या आडून डोंगराला तिरकी धरत, वळत, पुन्हा वळत, जराही न दमता वर गेली. वर एक सपाट माळ होता. ढोरं चारायला आम्ही तिथे जात होतो, पण तिथून सायकल जाईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मास्तर चढावर फक्त दोनदा उतरले. परत येताना ते पारावर न थांबता सरळ सखोबाच्या दारात गेले आणि त्यांनी गाढवांपुढे गूळ ठेवला. सखोबाची बायको म्हणाली, "आमच्या पोरांस्नी बी ठेवा की जरा." मग तिच्या पोरांनाही दिला.

त्या रविवारी आम्ही सगळी पोरं चुन्याचं मडकं आणि काथ्याचे कुंचे घेऊन मास्तरांबरोबर गेलो. वळण आलं की दगडावर चुन्याचं बोट. सुटा दगड दिसला की ढकलायचा. मी चाळीस दगड ढकलले, तेही मोजून, कारण आम्हाला चाळीसपर्यंतच अंक झाले होते. पुढचे ढकलले, पण मोजले नाहीत.

पण वाट पुरी झाली नव्हती. डोंगर उतरल्यावर, वाडीच्या तोंडाशी, आमचं रान आडवं होतं. पीक नसलं की सखोबाची गाढवं त्यातून जायची. पीक असलं की बांधावरच्या खडकाळ बाजूने जायची आणि तिथेच मडकी फुटायची. त्या साली आबांनी हरभरा केला होता. तो वीतभर आला होता, हिरवागार. सायकलीला बांधावरून जागाच नव्हती. मास्तर आबांकडे आले तेव्हा मी दाराआड उभी होते. मला वाटलं संपलं. हरभऱ्यातून आबा माझ्या आजोबांनाही जाऊ देत नव्हते.

आबा म्हणाले, "बोला."

"तुमच्या रानातनं वाट पायजे."

"पिकातनं?"

"व्हय."

"गाडी जाईल एवढी?"

"एका चाकाएवढी."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, मला अडाणी समजू नगा. तुमच्या सायकलीला दोन चाकं हायत. मी मोजल्यात."

"हायत की. पर दुसरं चाक पहिल्याच्याच मागनं येतंय. बाजूनं येत न्हाय."

बैलगाडीची दोन चाकं, दोन चाकोऱ्या, हेच आबांना जन्मभर माहीत. ते उठले, अंगणातल्या धुळीवर टेकवलेल्या सायकलीजवळ गेले आणि तिचा मागचा माग बघितला. एकच रेघ. मग ते इतके हसले की आई चुलीपासून उठून आली. "अगं, बघ की! दोन चाकं आन् चाकोरी एकच! हे मला कुणी सांगितलंच न्हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या हातांनी हरभऱ्याची एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत उपटली. घरी चार दिवस हरभऱ्याच्या पाल्याची भाजी होती. मला अजून ती आवडत नाही. पण तेव्हा तक्रार केली नाही.

आणि शाळा बाराला भरायला लागली. पहिल्या दिवशी आमची मोठी पंचाईत झाली. सावली अजून तडीला लागली नव्हती, विटी हवेत होती आणि माळावरून घंटी वाजवत मास्तर आले. चार पोरं उघडी पकडली गेली. त्यांच्या चड्ड्या ओढ्यावर वाळत होत्या.

संक्रांत झाली. दिपोटी अमुक दिवशी येणार असं पाटलांना कळलं आणि बायकांनी ठरवलं की साहेबासाठी आणि मास्तरासाठी वाडीचा रस्ता चांगला दिसला पाहिजे. ठरवण्यात आमची आई पुढे होती. आता आमच्यात रस्ता चांगला करायचा म्हणजे काय करतात? शेणाचा सडा. अंगणात घालतात तसा पाणचट नव्हे. लग्नात मांडवाला घालतात तसा दाट. आमच्या रानापासून चावडीपर्यंत सगळा उतार बायकांनी पहाटेपासून हाताने सारवला. वर रांगोळी. मी स्वतः दोन पाट्या शेण नेऊन दिलं. सायकलीला काय होईल हे वाडीत एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

साहेब साडेअकरालाच आले. पायरीवर बसले, घड्याळ हातात. आम्ही पाट्या घेऊन ओळीत. वाडी अंगणात. सावली सरकत होती. माळावर घंटी वाजली तेव्हा आबांनी मान वर केली आणि स्वतःशीच म्हणाले, "आला." मास्तर हरभऱ्याच्या ओळीतून सरळ रेषेत बाहेर पडले आणि उताराला लागले. सायकलीला ब्रेक एकच होता आणि तोही आपल्या मर्जीने लागायचा. पहिलं चाक सड्यावर आलं तसं ते एकीकडे गेलं, मागचं चाक दुसरीकडे गेलं, आणि दोन्ही चाकं एकाच रेघेत चालतात हे आबांना दिलेलं वचन तिथेच मोडलं. मास्तर रांगोळीवरून बसल्या बसल्या घसरत आले. शहजादी त्यांच्या मागून आडवी घसरत आली. दोघं चावडीच्या पायरीशी, साहेबांच्या बुटांपुढे थांबली.

कुणी हसलं नाही. शाळा गेली असं मला वाटलं.

मास्तर उठले. फेटा कुठेतरी राहिला होता. कोट, हात, अर्धं तोंड हिरवं. त्यांनी सवयीने साहेबांना रामराम घातला आणि मोठ्याने म्हणाले, "हजर!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाराला तीन मिनिटं कमी आहेत," ते म्हणाले. मग मास्तरांना वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "हे काय आहे?"

"रस्ता सारवलाय, साहेब. लोकांना शाळा पायजे हाय."

मग मात्र साहेबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. ते बघून सगळी वाडी जी हसायला लागली, ती थांबेना. फक्त आमची आई चिडली होती. "सकाळधरनं सारवलं आमी," ती मास्तरांना म्हणाली. "हळू यायला काय झालं हुतं तुमास्नी?"

मास्तर तोंड धुऊन आले आणि परीक्षा झाली. साहेबांनी मला उभं करून धडा वाचायला लावला. वाचला. मग विचारलं, "ही शाळा नसती तर पलीकडच्या गावाला गेली असतीस?" मी म्हटलं, "न्हाय." ते म्हणाले, "का?" मी म्हटलं, "आबांनी पाठवलं नसतं." आबा मागेच उभे होते. त्यांनी खोटं आहे असं म्हटलं नाही. साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं की शाळा चालू ठेवावी आणि या वाडीला स्वतंत्र मास्तर द्यावा.

आम्ही नाचलो. त्या शेऱ्याचा दुसरा अर्थ आम्हाला फाल्गुनात कळला, नवे मास्तर ट्रंक घेऊन वाडीत राहायला आले तेव्हा. सायकलमास्तरांनी वाट इतकी चांगली शोधली होती की आता त्यांना त्या वाटेने यायचं कारणच उरलं नाही. नवे मास्तर चांगले होते. रोज वेळेवर असायचे, कारण ते चावडीशेजारीच राहायचे. त्यांनी मला चौथीपर्यंत नेलं. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

पुढच्या वर्षी सायकलमास्तरांची गडहिंग्लजकडे बदली झाली आणि मला ते पुन्हा दिसले नाहीत. त्या बदलीच्या आधीचा एक रविवार आहे. पाऊस संपला होता, गवत गुडघ्याएवढं होतं आणि मी माळावर म्हशी राखत होते. घंटी ऐकू आली. बघते तर मास्तर, सायकलीला खोरं बांधलेलं. पावसाने वाट दोन ठिकाणी कातरली होती, तिथे माती ओढून आले होते.

मी म्हटलं, "मास्तर, आज रविवार हाय. आन् तुमची शाळा आता तिकडंच हाय."

"व्हय की."

"मग हिकडं काय काम?"

"काम काय न्हाय." त्यांनी सायकल गवतावर आडवी टाकली आणि दगडावर बसले. "तीन-चार महिने ह्या वाटेनं रोज आलो, तानू. नजर सगळी चाकाच्या म्होरल्या दगडावर. डोंगर कसा हाय, ते बघायचंच ऱ्हायलं."

हे मला पटलं. मग मी त्यांना एकेक दाखवलं. तो समोर भुदरगड. ती खाली चकाकते ती वेदगंगा. ती दाट झाडं दिसतात ते मुरगूड. आणि आभाळ साफ असलं की तिकडे लांब जोतिबाचा डोंगर दिसतो असं सगळे म्हणतात, मला कधी दिसला नाही. मास्तर म्हणाले, "मला दिसतोय की." मी म्हटलं, "मास्तर, खोटं बोलू नये." ते म्हणाले, "न्हाय दिसत."

मग मी त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावलं. भुदरगडाच्या जागी त्यांनी भलताच डोंगर दाखवला. दुसऱ्यांदा वेदगंगा सोडून गेले. तिसऱ्यांदा बरोबर म्हणाले, पण तोंडातल्या तोंडात.

मी म्हटलं, "मोठ्यांदा म्हणा. मागच्यांना ऐकू आलं पाहिजे."

मागे नुसत्या म्हशी होत्या. मास्तर उठून उभे राहिले, हाताची घडी घातली आणि मोठ्यांदा म्हणाले.